जास्वंदीवरचा मिलीबग सारखा परत येतोय? नीम ऑइल बाजूला ठेवा, आधी मुंग्या बघा

कळीच्या देठाशी पांढरा कापूस, शेंड्याची पानं आकसून गुच्छ झालेला, खालच्या पानांना हात लावला की चिकट आणि त्या चिकटावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी. तुम्ही नीम ऑइल मारता, आठ दिवस झाड स्वच्छ दिसतं आणि तिसऱ्या आठवड्यात परत तेच. असं सारखं होत असेल तर शेवटपर्यंत वाचा, कारण माझ्या गच्चीत हे सलग दोन वर्षं चाललं होतं आणि मी दर वेळी औषध बदलत राहिले, कधी नीम, कधी आंबट ताक, कधी लसूण-मिरचीचा अर्क, आणि खरं कारण औषधात नव्हतंच.

आधी माझ्याकडची परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. पुण्यात बावधन साइडला पाचव्या मजल्यावरची टेरेस, दुपारनंतरचं पश्चिमेचं कडक ऊन, साठेक कुंड्या. त्यात चार मोठ्या कुंड्यांत लाल गावठी जास्वंद, कारण सासूबाईंना रोज गणपतीला फूल लागतं आणि चतुर्थीला तर लाल जास्वंद हवीच. बाकी वांगी, भेंडी, टोमॅटो, कढीपत्ता, आणि ड्रममध्ये पेरू आणि सीताफळ. रासायनिक काही वापरायचं नाही हे पहिल्या कुंडीपासून ठरलेलं, फुलं देवाला, भाजी पोटात, आणि घरात लहान मूल आहे जे टोमॅटो तोडून तसाच तोंडात घालतं.

पहिल्यांदा हे नक्की करा की तो मिलीबगच आहे. आपल्याकडे त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे, पीठ लावलेला मऊ ढेकूण, नखाने चिरडला की पिवळट किंवा लालसर पाणी निघतं. पेरूच्या पानाखाली पांढऱ्या गोलगोल रेघा ओढल्यासारख्या दिसत असतील आणि फांदी हलवली की पांढरं चिलटासारखं काही उडत असेल तर ती पांढरी माशी, तिच्यासाठी पिवळे चिकट कार्ड लावतात, मिलीबगची मादी उडतच नाही त्यामुळे त्याला त्या कार्डांचा काही उपयोग नाही. आणि तिसरी एक गोष्ट आहे जी मिलीबगसारखी दिसते पण आपली मित्र आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण मी स्वतःच्या हाताने कितीतरी मारल्या आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, मुंग्या.

एका रात्री साडेनऊच्या सुमाराला दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसलं की जास्वंदीच्या खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चाललीये, आणि प्रत्येक कळीशी, जिथे जिथे पांढरा पुंजका तिथे तिथे चार-पाच मुंग्या उभ्या. दोन दिवसांपूर्वीच फवारणी केली होती आणि तरी. मी खुर्ची घेऊन अर्धा तास बसून बघत राहिले. मिलीबग झाडाचा रस पितो, त्यात साखर भरपूर आणि त्याला हवी ती प्रथिनं कमी, म्हणून तो खूप रस ओढतो आणि जास्तीची साखर गोड पाण्यासारखी बाहेर टाकतो. तेच ते पानावरचं चिकट, आणि त्याच्यावरच काळी बुरशी वाढते. मुंग्यांना हे गोड पाणी हवं असतं, त्यामुळे मिलीबग म्हणजे त्यांची दुभती जनावरं. त्या त्याला जपतात, लेडीबग आली की हुसकावतात, मिलीबगच्या अंगात अंडी घालायला आलेल्या बारीक गांधीलमाश्यांना जवळ येऊ देत नाहीत, आणि पिल्लं उचलून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेऊन ठेवतात. म्हणजे मी वर फवारत होते आणि खालून मुंग्या नवीन माल आणून ठेवत होत्या. दोन वर्षं.

त्यामुळे माझं आता ठाम मत झालंय, मिलीबग वारंवार येत असेल तर पहिला आठवडा फवारणी करूच नका, फक्त मुंग्यांचा रस्ता तोडा. पाण्याचा फवारा मारा हवं तर, पण औषध नको.

रस्ता तोडायचा म्हणजे कुंडी वेगळी करायची. कुंडी तीन विटांवर ठेवा आणि विटा पाणी भरलेल्या ताटलीत, मुंगीला पोहून जाता येत नाही. फक्त ते पाणी दर दोन दिवसांनी ओतून ताटली घासून परत भरायची, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल, तेही नको. मोठी कुंडी उचलणं शक्य नसेल तर खोडाला पट्टी लावा. जमिनीपासून एक वीत वर जुन्या सुती कापडाची किंवा जाड कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, आणि त्या पट्टीवर एरंडेल आणि व्हॅसलिन एकत्र करून जाडसर लेप. खोडाच्या सालीवर डायरेक्ट व्हॅसलिन चोपडू नका, साल गुदमरते आणि उन्हात तिथे चट्टा पडतो. पुण्यात धूळ इतकी की सातआठ दिवसांत त्या लेपावर धुळीचा थर बसतो आणि मुंग्या त्याच्यावरून आरामात चालत जातात, म्हणून आठवड्याने लेप नवीन.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती पुलांची. ताटलीत पाणी आहे, पट्टी लावलीये, तरी मुंग्या वर कशा, तर एक फांदी भिंतीला टेकलेली असते, किंवा शेजारच्या वांग्याचं पान जास्वंदीला लागलेलं असतं. माझ्याकडे दोन महिने कळत नव्हतं, शेवटी सापडलं, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. फांदी दोरीला घासत होती आणि मुंग्या पार खिडकीच्या ग्रिलपासून दोरीवरून येत होत्या. त्यामुळे रात्री टॉर्च घ्या आणि रांग उलटी शोधत जा, झाडाकडून वारुळाकडे. दिवसा उन्हात त्या फार दिसत नाहीत, रात्रीच जा.

वारूळ सापडलं तर, आणि सापडतंच, कठड्याच्या फटीत किंवा बऱ्याचदा कुंडीच्या आतच बुडाशी, तर त्याचं काय करायचं यावर मत वेगवेगळं असू शकतं. कुंडीतल्या मुंग्यांसाठी मी कुंडी बादलीत ठेवून मातीच्या वरपर्यंत पाणी भरते आणि अर्धा तास तशीच सोडते, त्या अंडी घेऊन बाहेर पडतात आणि निघून जातात, दोनदा करावं लागतं. कठड्यातल्या फटीसाठी टाकणखार (बोरॅक्स) वापरते. एक छोटा चमचा टाकणखार, आठदहा चमचे साखर, दोन कप कोमट पाणी, त्यात कापसाचा बोळा भिजवून झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत. टाकणखार जास्त घातला तर मुंगी तिथेच मरते आणि वारुळापर्यंत काही पोचत नाही, म्हणून हात आवरता ठेवायचा, चारपाच दिवस धीर धरायचा. डबी मुलांपासून आणि मांजरांपासून लांब, आणि टाकणखार कुंडीच्या मातीत अजिबात सांडू देऊ नका, झाडाला बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. दुकानात मुंग्यांसाठी जो खडू मिळतो तो आणू नका, ते सरळ सरळ रासायनिक कीटकनाशकच आहे, फक्त खडूच्या रूपात.

मुंग्या बंद झाल्यावर दहा-बारा दिवसांत माझ्या चारपैकी दोन जास्वंदी जवळजवळ आपोआप सुधारल्या, मी फक्त पाण्याचा जोरात फवारा मारत होते. उरलेल्या दोन नाही सुधारल्या. त्याचं कारण वेगळं निघालं.

मुळांवर मिलीबग

झाड भर पाण्यात असूनही दुपारी मान टाकतं, पानं पिवळी पडून गळतात, वर पांढरं काही फारसं दिसत नाही आणि तरी झाड खंगत चाललंय, तर कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. मी काढलं तेव्हा मातीच्या गोळ्याच्या कडेने, कुंडी आणि माती यांच्या मधे, पांढरी पावडर आणि बारीक कापसाचे ठिपके, वाटलं चांगली बुरशी असेल, कंपोस्टमध्ये असते ना पांढरी तशी. पण भिंग लावून बघितलं तर ते हलत होते. मुळांवरचा मिलीबग, आणि तिथेही मुंग्या त्याला सांभाळतात. वरून कितीही नीम मारा, खाली भांडार भरलेलं.

याला उपाय एकच आणि कष्टाचा आहे. माती पूर्ण झटकायची, मुळं बादलीतल्या पाण्यात धुवायची, काळी सडलेली मुळं कापायची, फांद्यासुद्धा एक तृतीयांश छाटायच्या कारण कापलेल्या मुळांना तेवढं झाड पोसवणार नाही, मग मुळं अर्धा तास नीमच्या पाण्यात बुडवायची, कुंडी आतून ब्रशने घासून कडक उन्हात वाळवायची आणि नवीन मातीत लावायचं. हे काम जून-जुलैत करा, पाऊस सुरू झाल्यावर, झाड पटकन सावरतं. मी घाईने एप्रिलमध्ये केलं आणि एक जास्वंद गेली, बारा वर्षांची होती.

जुनी माती फेकू नका. ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा, वीतभर जाडीचा थर करून गच्चीवर पूर्ण उन्हात चार ते सहा आठवडे. पारदर्शकच हवं, काळ्या पिशवीत माती तेवढी तापत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात उत्तम होतं. नंतर त्यात कंपोस्ट आणि थोडं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी) घालून पंधरा दिवस ठेवा, कारण उष्णतेने चांगले जिवाणूही कमी झालेले असतात.

फवारणी का चालत नाही

आता फवारणीकडे येऊ. फवारणी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण जी आपण करतो त्यातली अर्धी वाया जाते. माझं काय झालं तर ऑक्टोबरमध्ये जी नीमची फवारणी चांगली लागू पडायची तीच मार्च-एप्रिलमध्ये फेल जायची. मला वाटायचं ऊन वाढलं म्हणून कीड वाढली, ते खरं आहेच, पण दुसरं कारण होतं पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर सुरू होतात आणि ते बोअरचं जड पाणी. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, त्याच्याशी साबणाचा संयोग होऊन साबण फाटतो, फेस होत नाही, पांढरा साका तरंगतो, आंघोळीच्या वेळी आपल्याला कळतं तसंच. साबणच काम करत नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहतं, म्हणजे पंपातून आधी नुसतं पाणी उडतं आणि शेवटच्या दोन फवाऱ्यांत सगळं तेल एकाच फांदीवर जातं. ती फांदी जळते आणि बाकीच्या झाडावर मिलीबग मजेत.

बाटलीत मिश्रण करून दहा मिनिटं ठेवा. वर तेलाचा थर किंवा पिवळे डोळे दिसले तर ते मारू नका.

यावर मला रिठा सापडला आणि आता मी साबण वापरतच नाही. रिठ्याचा फेस जड पाण्यातही टिकतो. आठदहा रिठे, बी काढून, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत, सकाळी दहा मिनिटं उकळून हाताने कुस्करून गाळायचे. एका लिटरच्या फवारणीसाठी अर्धा कप हे पाणी घ्या, त्यात ५ मिली नीम ऑइल घालून आधी चांगलं घुसळा, पांढरट दुधासारखं झालं की मग बाकीचं पाणी थोडं थोडं. उलटं केलं, म्हणजे पाण्यात तेल टाकून वरून रिठा, तर मिसळत नाही. हिवाळ्यात तेल बाटलीत थिजतं तेव्हा बाटली गरम पाण्यात धरून पातळ करा. तयार केलेलं त्याच संध्याकाळी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. रिठा नसेल तर पिण्याच्या फिल्टरचं पाणी आणि साधा सौम्य साबण चालेल, पण फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी पाइपने बाहेर येतं ते मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात, मी बघते बऱ्याच जणी तेच पाणी वाचवून रोज झाडांना घालतात आणि मग पानांच्या कडा का करपतात म्हणून विचारतात. भांडी घासायचं लिक्विडही टाळा, त्यातल्या डिटर्जंटने कोवळी पानं जळतात. काहीही नवीन असेल तर आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा.

वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर. दुपारी तेल मारलं तर पान भाजतं, आणि नीममधला जो मुख्य घटक आहे अझाडिरॅक्टिन तो उन्हात लवकर नष्ट होतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता अंतर. मोठ्या मिलीबगच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्याच्यावरून पाणी ओघळून जातं, आणि अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित. एकेक मादी काहीशे अंडी घालते. फवारणी खरी लागू पडते ती नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांवर, ती डोळ्यांना दिसतात न दिसतात अशी, पिवळट-गुलाबी, अंगावर मेण नाही. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात आणि गरम हवेत महिन्याभरात पिल्लाचा मोठा मिलीबग होऊन तो परत अंडी घालतो. म्हणून आज एकदा मारलं, बरं दिसलं, सोडून दिलं, की तिसऱ्या आठवड्यात परत, हे गणित असं आहे. सहा सहा दिवसांनी चार वेळा मारायचं, झाड स्वच्छ दिसत असलं तरी मारायचं. तिसरी आणि चौथी फवारणी लोक सोडतात आणि तीच सगळ्यात गरजेची असते. मी कॅलेंडरवर खुणा करते.

फवारणीच्या आदल्या दिवशी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, आणि जे शेंडे आकसून कोबीसारखे झालेत ते कापून टाकायचे, ते परत उलगडत नाहीत आणि त्या घड्यांत औषध पोचतच नाही. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून आठ दिवस उन्हात ठेवा, मग टाका. मोजकेच पुंजके असतील तर कापसाला मेडिकलमधलं स्पिरिट लावून पुसून काढा, ते फवारणीपेक्षा बरं, मेण लगेच विरघळतं.

पावसाळ्यात आणि दमट हवेत वापरायला व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची मित्रबुरशी मिळते पावडरमध्ये, कृषी सेवा केंद्रात मागा, एका लिटरला ५ ग्रॅम. ती किडीच्या अंगावर वाढून तिला मारते. पण तिला ओलावा लागतो, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पैसे वाया, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या, बुरशी जिवंत असायला हवी. नीमबरोबर एकाच पंपात मिसळू नका, मधे पाचसहा दिवस जाऊ द्या.

काय उपयोगाचं नाही तेही सांगते, माझ्या अनुभवावरून. आंबट ताकाने मिलीबगला काही झालं नाही. हिंगाचं पाणी, तेच. हळद मुंग्यांच्या वाटेवर टाकली की त्या एक दिवस दुसरीकडून जातात. राख थोडी चालते पण कुंडीत रोज रोज राख टाकली तर माती अल्कधर्मी होते आणि जास्वंदीला ते आवडत नाही, पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, चांगला आहे, पण तो महिनाभर आंबवायचा आणि त्याचा वास, फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतील, ज्यांचं घर मोकळं आहे त्यांनी जरूर करावा.

खत जास्त झालं का ते बघा

ऐकायला विचित्र वाटेल कारण आपण रासायनिक खत देतच नाही. पण मी दर आठवड्याला शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी देत होते, शिवाय गोमूत्र, शिवाय जीवामृत, झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, शेंडे लुसलुशीत. हा सगळा नत्र. नत्र जास्त झालं की कोवळी, रसाळ वाढ होते आणि रस शोषणाऱ्या किडींना तेच हवं असतं, मग ते नत्र युरियातून आलं काय आणि पेंडीतून आलं काय. आता पेंडीचं पाणी महिन्यातून एकदा, तेही दहापट पातळ, आणि कीड असताना अजिबात नाही. फुलं कमी झाली नाहीत, उलट कळ्या गळायच्या त्या थांबल्या. बाकी कंपोस्ट आणि वाळलेल्या पानांचं आच्छादन एवढंच.

आणि कुंड्यांची गर्दी. हवा खेळली पाहिजे. भेंडी जास्वंदीच्या शेजारी ठेवू नका, दोघी एकाच कुळातल्या, एकीवरून दुसरीवर. कठड्याच्या फटीत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात गाजर गवत उगवलेलं असेल तर ते उपटा, कपाशीवर येणारा मिलीबग त्याच्यावरही राहतो आणि तोच भेंडीवर, जास्वंदीवर येतो. नर्सरीतून आणलेलं झाड पंधरा दिवस वेगळं ठेवा, मी तर कुंडीतून काढून बूड बघितल्याशिवाय आत घेत नाही. नर्सरीवाल्यासमोर बघितलं तरी चालतं, चांगला नर्सरीवाला रागावत नाही.

आता ती मित्र कीड

मिलीबगच्या पुंजक्यात एखादा जरा मोठा, दुप्पट-तिप्पट, अंगावर मेणाचे लांब पांढरे झुपके असलेला दिसला तर थांबा. काडीने हलकं डिवचा. मिलीबग जागेवरच राहतो, सरकला तरी अगदी सावकाश. हा भराभर चालायला लागतो. ही क्रिप्टोलिमस नावाच्या लेडीबगची अळी, मिलीबगचं सोंग घेऊन त्याच्यातच राहते आणि त्यालाच खाते. मोठी झाली की काळपट पाठ आणि नारिंगी डोकं असलेला छोटा भुंगेरा होतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी आणला होता, आणि आता द्राक्षबागांमध्येसुद्धा मिलीबगसाठी मुद्दाम सोडतात. मी कितीतरी वेळा या अळ्या मोठा मिलीबग समजून चिमटीत चिरडल्या, म्हणजे ज्या माझं काम करत होत्या त्यांनाच.

तसंच काही मिलीबग पांढरे न राहता तपकिरी, फुगीर, कडक झालेले दिसतात, बारीक पिंपासारखे. ते मेलेले आहेत आणि त्यांच्या आत बारीकशी गांधीलमाशी वाढतेय. ती काही आपल्याला चावत नाही, डासाहूनही लहान असते. असल्या माश्यांची ताकद किती, तर पपईवरचा मिलीबग २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला, दोन वर्षांत पपई, तुती, टॅपिओकाचं प्रचंड नुकसान केलं, औषधं मारून शेतकरी थकले, आणि शेवटी २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून त्या मिलीबगच्या शत्रू गांधीलमाश्या आणून सोडल्या तेव्हा ती कीड आटोक्यात आली. आपल्या गच्चीवर अशा माश्या आपोआप येतात, फक्त मुंग्यांचा पहारा नसला पाहिजे आणि आपण सतत तेल फवारत नसलो पाहिजे. म्हणून मुंग्या पहिल्या, असं मी सारखं म्हणतेय.

सध्या माझ्याकडे काय चाललंय तर, रविवारी सकाळी चहा घेऊन एक चक्कर, पानं उलटी करून बघणं, पट्ट्यांवरचा लेप बदलणं, रात्री एकदा टॉर्च. फेब्रुवारीत छाटणीनंतर नवे शेंडे फुटतात तेव्हा आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात जास्त लक्ष, पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. गेल्या ऑक्टोबरपासून चार फवारण्यांचा पूर्ण कोर्स एकदाच करावा लागला, तोही सीताफळावर. जास्वंदीवर कोपऱ्यातल्या एका फांदीवर थोडा मिलीबग आहे, आठदहा असतील, त्यात तीन तपकिरी पिंपं आणि काल एक झुपकेवाली अळी दिसली. ती फांदी मी मुद्दाम कापलेली नाही, लाल दोरा बांधून ठेवलाय आणि घरात सगळ्यांना सांगितलंय की याला हात लावायचा नाही.